लखोबा सातव्या भेटीपर्यंत थांबत नाही

‘तो मी नव्हेच’ तुम्ही पाहिलं नसेल, तरी लखोबा लोखंडे हे नाव कानावरून गेलेलं असणारच. आचार्य अत्र्यांचं हे नाटक १९६२ साली मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं आणि प्रभाकर पणशीकरांनी पुढे कित्येक वर्षं ते गाजवलं. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खटल्यावरून अत्र्यांना ते सुचलं होतं. गोष्ट थोडक्यात अशी: निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात आरोपी म्हणून उभा आहे. वेगवेगळ्या नावांनी लग्नं करून बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना लुबाडल्याचा आरोप त्याच्यावर आहे. साक्षीदार येतात, ‘हाच तो’ म्हणून बोट दाखवतात. लखोबा वकील न घेता आपला खटला आपणच चालवतो आणि सगळ्यांना एकच उत्तर देतो. ते उत्तर म्हणजेच नाटकाचं नाव.

मी मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. पहिल्या ओळखीत माणसं एकमेकांबद्दल मत कसं बनवतात, हा माझा विषय. तो सांगितला की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘मग असला माणूस आधीच ओळखायचा कसा?’ विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा कुणाची तरी गोष्ट असते. कुणाच्या मामेबहिणीचं वर्षभरात मोडलेलं लग्न, कुणाची ऑफिसमधली मैत्रीण. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो: ‘एवढी शिकलेली मुलगी, तिला कळलं कसं नाही?’

आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. संशोधन नीट वाचलं तर तेही हेच सांगतं आणि अत्र्यांचं नाटकही हेच दाखवतं. आपण मात्र दोन्हीकडून भलताच धडा घेऊन घरी येतो.

सात भेटींचा अभ्यास

आधी संशोधन. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डेलरॉय पॉलहस यांचा १९९८ सालचा एक अभ्यास या विषयात सगळीकडे सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे छोटे गट केले. प्रत्येक गट आठवड्यातून एकदा चर्चेला बसायचा, अशा सात बैठका झाल्या. पहिल्या बैठकीनंतर आणि शेवटच्या बैठकीनंतर सगळ्यांनी एकमेकांबद्दल मतं नोंदवली. स्वतःला आहोत त्यापेक्षा मोठं समजणारी मंडळी पहिल्या दिवशी भाव खाऊन गेली. हुशार वाटली, मनमिळाऊ वाटली. सातव्या बैठकीपर्यंत चित्र उलटलं. तीच माणसं इतरांना बढाईखोर आणि त्रासदायक वाटायला लागली.

दुसरा अभ्यास २०१० सालचा, जर्मनीतल्या मित्या बाक आणि सहकाऱ्यांचा. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नव्याने आलेले ७३ विद्यार्थी, कुणी कुणाला ओळखत नाही. एकेकाने पुढे येऊन थोडक्यात स्वतःची ओळख करून द्यायची आणि बाकीच्यांनी लगेच सांगायचं, हा माणूस आवडला का. नार्सिसिझम, म्हणजे स्वतःच्या मोठेपणाचं वेड आणि त्यावर इतरांनी शिक्कामोर्तब करावं ही भूक, ज्यांच्यात जास्त होती ते जास्त आवडले. का आवडले, हेही संशोधकांनी शोधलं. नीटनेटके, उठून दिसणारे कपडे. चेहऱ्यावरचे हवेहवेसे भाव. वावरण्यातला आत्मविश्वास. विनोद.

या अभ्यासातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. नार्सिसिझमचे अनेक पदर असतात. त्यातला ‘मला हे मिळायलाच हवं’ आणि ‘लोक वापरून घेण्यासाठी असतात’ हा पदर सोबत राहणाऱ्याला सगळ्यात जास्त जाचतो. पहिल्या भेटीत लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली माणसंही नेमकी याच पदराची होती.

तिसरा अभ्यास २०१७ सालचा, तोही जर्मनीतून. स्टेफनी वुर्स्ट आणि सहकाऱ्यांनी थेट प्रेमसंबंधांकडे पाहिलं. त्यांनी नार्सिसिझमचे दोन धागे वेगळे धरले. एक, कौतुक मिळवण्याचा. दुसरा, समोरच्याला खाली दाखवण्याचा. सुरुवातीचं आकर्षण पहिल्या धाग्याशी जोडलेलं निघालं आणि पुढे उद्भवणारी भांडणं, कटकटी दुसऱ्या धाग्याशी.

हे तीन अभ्यास शेजारी ठेवले की ‘मुखवटा’ हा आपला लाडका शब्द अपुरा पडायला लागतो. मुखवटा म्हटलं की वर एक खोटा चेहरा आणि खाली एक खरा चेहरा, असं आपण गृहीत धरतो. मग पुढची अपेक्षा आपोआप येते: डोळे तीक्ष्ण असतील तर मुखवट्याची कड दिसलीच पाहिजे. पण ७३ जणांच्या त्या वर्गात कुणी मुखवटा चढवून आलं नव्हतं. त्यांचा विनोद खरा होता, आत्मविश्वास खरा होता, हसणंही खरं होतं. एकाच स्वभावाची एक बाजू पाच मिनिटांत दिसते आणि दुसरी दिसायला महिने लागतात. जी अजून घडलेलीच नाही ती गोष्ट ‘ओळखायची’ कुठून?

या संशोधनातून काय निघत नाही

आता जरा टीकाही करू, कारण हे अभ्यास वर्तमानपत्रात आणि व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत त्यांचं काहीतरी वेगळंच झालेलं असतं.

पहिली गोष्ट. यातली माणसं बहुतेक विद्यार्थी आहेत, तीही कॅनडातली, जर्मनीतली. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे खाणारं मराठी घर त्यात नाही. दोन्ही बाजूंचे आईवडील खोलीत असताना मोहकपणा कुणासाठी वापरला जातो, मुलीसाठी की तिच्या बाबांसाठी, हे या अभ्यासांत कुणी विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘आत्मकेंद्री माणसं सुरुवातीला मोहक वाटतात’ हे वाक्य आणि ‘मोहक वाटणारी माणसं आत्मकेंद्री असतात’ हे वाक्य, दोन्ही एक नाहीत. साधं गणित करून बघा. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त मुद्दा कळावा म्हणून. समजा १०० स्थळं आहेत आणि त्यातले ५ जण भामटे आहेत. पाचातले ४ अगदी गोडबोले आहेत. उरलेल्या ९५ सरळ माणसांतही ३० जण गोडबोले असणारच, गप्पिष्ट माणसं काय कमी असतात? म्हणजे एकूण गोडबोले ३४ आणि त्यात भामटे ४. ‘फार गोड बोलतो, सावध राहा’ हा नियम पाळलात तर ३० चांगल्या माणसांवर फुली पडेल आणि पाचवा, तोंडाने फटकळ असलेला भामटा तरीही सुटून जाईल.

इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘धोक्याच्या दहा खुणा’ याच गणितात अडकतात. फार लवकर प्रेमात पडला, फार भेटवस्तू दिल्या, रोज गुड मॉर्निंगचा मेसेज केला. या खुणा खोट्या आहेत असं नाही. पण प्रेमात पडलेली सरळ माणसंही नेमकी हेच करतात. खूण म्हणून त्यांचा उपयोग मागाहून होतो, सगळं कळल्यावर. आणि तेव्हा त्याच खुणा ‘दिसत असून तिने पाहिलं नाही’ या आरोपाचा पुरावा बनतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘बायकांना असलेच पुरुष आवडतात’ हा निष्कर्ष. त्याच्या मागे बहुधा २०१४ सालचा एक ब्रिटिश अभ्यास उभा केला जातो. नार्सिसिझम, धूर्तपणा आणि निर्दयता या तीन गुणांच्या गठ्ठ्याला संशोधक ‘डार्क ट्रायड’ म्हणतात. पॉलहस आणि विल्यम्स यांनी २००२ साली हे नाव रूढ केलं. २०१४ च्या अभ्यासात १२८ विद्यार्थिनींना एका पुरुषाचं वर्णन दिलं. काहींना डार्क ट्रायडचे गुण असलेलं, काहींना साधं. पहिलं वर्णन जास्त आकर्षक ठरलं.

इथे नीट बघा. त्या मुली कुणाला भेटल्या नाहीत. कुणाबरोबर चहा घेतला नाही, महिनाभर बोलल्या नाहीत. कागदावरच्या पात्राला त्यांनी गुण दिले. आत्मविश्वास असलेलं, धोका पत्करणारं पात्र कागदावर रंजक वाटणारच, मग वाचणारी बाई असो की पुरुष. कादंबऱ्यांचे खलनायक याच बळावर जगतात. यावरून ‘बायका फसायलाच बसलेल्या असतात’ इथवर जाणं म्हणजे नाटकातल्या टाळ्या मोजून समाजाचं चारित्र्य ठरवण्यासारखं आहे.

टाळ्या कुणाला पडतात?

टाळ्यांचा विषय निघालाच आहे तर आता नाटकाकडे वळू.

लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार. पाच भूमिका, नट एक. फिरत्या रंगमंचामुळे साक्षीदार बोलायला लागला की कोर्ट बाजूला सरतं आणि त्याने सांगितलेला प्रसंग समोर उभा राहतो. पणशीकर एका वेषातून दुसऱ्या वेषात येतात, आवाज बदलतो, चाल बदलते, निपाणीकडची बोली जाऊन पुणेरी वळण येतं. प्रेक्षागृह दाद देतं.

त्या दादीचा जरा विचार करा. प्रेक्षकाला सगळं माहीत आहे. हा भामटा आहे, हे तिकीट काढण्याआधीपासून माहीत आहे. समोर रडणारी बाई खरं बोलतेय हेही माहीत आहे. तरी आपण कुणावर खूश होतो? तिच्यावर नाही, त्याच्यावर. त्याच्या हजरजबाबीपणावर, उलटतपासणीत साक्षीदाराची विकेट काढण्यावर. नाटक संपल्यावर घरी जाताना तोंडात त्याचंच वाक्य असतं. पणशीकरांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव ‘तोच मी’ ठेवलं, त्यात नटाची मिश्किली आहे आणि त्या पात्राने महाराष्ट्रावर किती जादू केली याची कबुलीही आहे.

मला यात नाटकाचं अपयश दिसत नाही. उलट अत्र्यांनी, ठरवून असो वा नसो, एक प्रयोग करून दाखवलाय असं वाटतं. मोहकपणा माहितीने उतरत नाही. सगळं ठाऊक असलेले आठशे प्रेक्षक जर लखोबावर लुब्ध होत असतील, तर काहीच ठाऊक नसलेल्या एकटीला ‘तुला कळलं कसं नाही’ असं विचारण्याचा अधिकार त्या आठशेंना कसा काय?

माझी तक्रार आहे ती नाटकाच्या दुसऱ्या एका निवडीबद्दल. सगळं नाटक एकाच प्रश्नाभोवती फिरतं: हा तोच आहे की नाही? रहस्य म्हणून हा प्रश्न उत्तम आहे. पण त्यामुळे बायका साक्षीदार म्हणून येतात, आपला प्रसंग सांगतात आणि रंगमंचासोबत फिरून अंधारात जातात. त्यांच्या वाट्याला ओळख परेडीतलं बोट तेवढं येतं. पुढे तिचं काय झालं, हे विचारायला नाटकाला सवड नाही. थोडक्यात, प्रसंग तिचा आणि नाटक त्याचं.

नावं नीट वाचा

‘कळलं कसं नाही’ याचं उत्तर मात्र नाटकात आहे, आणि ते त्याच्या नावांत आहे. तो आपली नावं काय निवडतो बघा. दातार. परांजपे. ही आडनावं ऐकताच तेव्हाच्या मध्यमवर्गीय वधूपित्याच्या निम्म्या शंका मिटत असत. पुढे कॅप्टन लावलं की हुद्दा आला. महाराज म्हटलं की प्रश्न विचारणंच पाप. आणि दिवाकर दातारच्या जोडीला दाजीशास्त्रीही दातारच. म्हणजे घराण्यातलं वडीलधारं माणूस हवं असेल तर तेही हाच पुरवणार!

लखोबाने बायकांना भुरळ घातली, असं आपण म्हणतो. खरं तर त्याने आपल्या चौकशीची पद्धत पाठ केली होती. जात, घराणं, नोकरी, भाषेचं वळण, कपडे. समाज जे पाच प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं तो अंगावर घालूनच येतो. फसवलं गेलं ते मुलीच्या नजरेला जितकं, त्याहून जास्त सगळ्या घराच्या कसोट्यांना. पण दोष द्यायची वेळ आली की कसोटी निर्दोष सुटते आणि मुलगी अडकते.

आणि नजरेवर विसंबायचं तरी किती? चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. त्यात खरं-खोटं ठरवणारी माणसं चोवीस हजारांवर होती. ऐकून आणि बघून, दुसरी काही मदत नसताना, ती सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आलेच असते. टिम लेव्हिन हे संशोधक याचं कारण सांगतात ते पटण्यासारखं आहे. आपण मुळात समोरचा खरं बोलतोय असं धरून चालतो, आणि तसं धरलं नाही तर दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाशीच व्यवहार होणार नाही. हा विश्वास म्हणजे भोळेपणा नव्हे, रोजचं जगणं त्यावरच चालतं. भामटा त्याचाच फायदा घेतो.

लेव्हिन यांच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. प्रत्यक्ष आयुष्यात खोटं पकडलं जातं ते क्वचितच चेहरा वाचून. बहुतेक वेळा ते मागाहून कळतं: कुणीतरी सांगतं, एखादा कागद सापडतो, दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

सातवी भेट

आता पॉलहस यांच्या सात बैठका आणि लखोबा शेजारी ठेवू. त्या अभ्यासातल्या माणसांचं पितळ उघडं पडलं, कारण ती सातही बैठकांना आली. गट तोच, माणसं तीच, आणि सगळी एकमेकांशी बोलणारी. लखोबा नेमकं हेच टाळतो. सातव्या भेटीची वेळ येण्याआधी त्याचं गाव बदललेलं असतं. नव्या गावात तो पुन्हा पहिल्या भेटीला हजर, ताज्या इस्त्रीच्या कपड्यांत.

संशोधन स्वभाव मोजतं. लखोबाची करामत स्वभावापेक्षा नकाशात जास्त आहे. एका गावची बायको दुसऱ्या गावच्या बायकोला भेटणार नाही, एवढी एकच गोष्ट त्याला सांभाळायची असते. हे प्रयोगशाळेत दिसत नाही, कारण प्रयोगातून मधेच पळून गेलेल्या माणसाची नोंद आम्ही संशोधक ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवतो. आमच्या क्षेत्राला माझा हा एक आक्षेप आहे. ज्याने राहून त्रास दिला त्याच्याबद्दल आम्हाला बरंच कळलंय. जो वेळेवर निघून जातो त्याच्याबद्दल फार थोडं.

नाटकात लखोबाचं गणित बिघडतं कुठे? कोर्टात. सगळ्या गावांची माणसं पहिल्यांदाच एका छताखाली येतात. एकेकीचं म्हणणं त्याला खोडता येतं, आणि तो ते मजेत खोडतो. जड जातं ते एकामागून एक येणाऱ्या साक्षींचं. साठ वर्षांनी, २०२२ साली नेटफ्लिक्सवर ‘द टिंडर स्विंडलर’ हा माहितीपट आला, त्यातही हेच घडतं. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून मिरवणारा एक जण वेगवेगळ्या देशांतल्या बायकांकडून पैसे उकळत होता. २०१९ मध्ये नॉर्वेतल्या एका वर्तमानपत्राने फसवल्या गेलेल्या बायकांची हकिकत छापली. ती वाचूनच दुसऱ्या देशातल्या एकीला कळलं, की आपण ज्याच्यासोबत राहतोय तो हाच. तिची नजर एका दिवसात तीक्ष्ण झाली नव्हती. तिला साक्षीदार भेटल्या होत्या.

‘ती मी नव्हेच’ म्हणायची सोय नाही

आपल्याकडे साक्षीदार का भेटत नाहीत, ही या सगळ्यातली खरी अडचण आहे.

नाटक आलं तेव्हा हिंदू विवाह कायदा होऊन सातच वर्षं झाली होती. १९५५ च्या त्या कायद्याने पहिली बायको हयात आणि विवाह कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं. उद्देश चांगलाच होता. पण फसवल्या गेलेल्या दुसरीच्या बाजूने बघा. तिने सगळे विधी केले, नाव बदललं, संसार मांडला. आणि कायदा म्हणाला, हे लग्न झालंच नाही. १९८८ साली सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने अशा बाईचा पोटगीचा हक्कही नाकारला. पुढे २०१३ साली महाराष्ट्रातलं एक प्रकरण त्याच कोर्टापुढे गेलं. नवऱ्याने पहिलं लग्न लपवून दुसरं केलं होतं आणि पोटगी मागितल्यावर त्याचं म्हणणं होतं, ही माझी कायदेशीर बायकोच नाही. लखोबाचंच वाक्य, फक्त बोट तिच्याकडे वळवलेलं. कोर्टाने ते ऐकलं नाही. स्वतःच्याच लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही असं ठरवून तिला पोटगी दिली. १९५५ ते २०१३, हिशेब करा.

कायदा इतक्या उशिरा का होईना, हलला. घराघरातला निवाडा अजून तिथेच आहे. तो गाव बदलतो, नाव बदलतो, ‘तो मी नव्हेच’ म्हणून मोकळा होतो. तिला गाव बदलून चालत नाही. ‘अमक्याने टाकलेली’ ही ओळख तिच्या आधी पोचते. ती बोलली तर ‘टाळी एका हाताने वाजते का’ असं ऐकावं लागतं. म्हणून ती गप्प बसते. घरचेही सांगतात, धाकटीचं लग्न व्हायचंय, वाच्यता नको.

या गप्प बसण्याचा फायदा कुणाला मिळतो, हे आता वेगळं सांगायला नको. सातव्या भेटीला काय होतं हे जिला पक्कं ठाऊक आहे, तीच एकटी आपल्या चौकशीच्या यादीत नसते. आपण स्थळाच्या मामांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो, पगाराची स्लिप बघतो. मुलाचं आधी लग्न मोडलं असेल तर ‘पटलं नाही’ एवढं उत्तर घेऊन पुढे जातो. त्या मुलीला कुणी फोन करत नाही. केलाच, तर तिचं बोलणं कडवटपणा म्हणून वजा करतो. तिची हकिकत एकतर्फी असू शकते, मान्य. मामांची नसते का?

तेव्हा ‘असला माणूस आधीच ओळखायचा कसा’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: पहिल्या भेटीत ओळखता येत नाही, आणि ज्याला येतं असं वाटतं त्याचा ५४ टक्क्यांचा हिशेब त्याने एकदा तपासावा. करता येण्यासारखं आहे ते एवढंच, की भेटी वाढवा. त्याही नुसत्या हॉटेलात दोघंच बसून नकोत. त्याच्या जुन्या मित्रांत, त्याच्या हाताखालच्या माणसांत, त्याला ‘नाही’ ऐकावं लागेल अशा प्रसंगात भेटा. घाई तो करत असेल तर त्याला वाईट न ठरवताही थांबता येतं. सरळ माणसाचं तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. लखोबाचं बिघडतं.

आणि हे सगळं करूनही कुणी फसलीच, तर तिला पहिला प्रश्न ‘तुला कळलं कसं नाही’ हा विचारू नका. ‘कधी कळलं, आणि आणखी कुणाला माहीत आहे?’ असं विचारा. ती सांगेल ते ऐकून घ्या. उद्या दुसऱ्या गावाहून त्याच माणसाच्या चौकशीचा फोन तुम्हाला आला, तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून विषय बदलू नका. जे माहीत आहे ते सांगा.